अजगराचा उपवास आणि आपली अक्कल

पोस्ट मोठी आहे, आधीच सांगतो. ज्यांना सापाचं नाव काढलं तरी अंगावर काटा येतो त्यांनीही वाचा, कारण विषय नुसता सापाचा नाही.

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. रात्री साडेअकराला फोन वाजला. आमच्या धंद्यात (धंदा कसला, फुकटची हमाली) रात्रीचा फोन म्हणजे कुणाच्या तरी बाथरूममध्ये धामण शिरलेली असते, नाहीतर पार्किंगमध्ये घोणस. मी पँट चढवत, एका हाताने स्टिक शोधत फोन उचलला. पलीकडे अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा.

"काका, साप आहे."

"कुठे?"

"माझ्या खोलीत. म्हणजे... माझाच आहे. पाळलाय. काका, तो जेवतच नाहीये."

"किती दिवस?"

"अकरा आठवडे."

मी पँट काढून परत लुंगी नेसली आणि खुर्चीवर बसलो. कारण हा फोन दोन मिनिटांत संपणारा नव्हता. आणि असा फोन आता मला नवीनही राहिलेला नाही. पूर्वी लोक "घरात साप निघाला" म्हणून रडायचे, आता "घरातला साप जेवत नाही" म्हणून रडतात. शहर सुधारलं म्हणायचं!

साप कुठला, तर बॉल पायथन. पश्चिम आफ्रिकेतला छोटा अजगर. पोराने अठरा हजाराला घेतलेला. आता या अकरा आठवड्यांत त्या पोराला काय काय सल्ले मिळाले ते ऐका.

एका ग्रुपवरच्या दादाने सांगितलं, तोंड उघड आणि उंदीर आत ढकल, एकदा चव लागली की खाईल. दुसऱ्याने सांगितलं, कच्चं अंडं फेटून सिरिंजने पाज. तिसऱ्याने जिवंत उंदीर रात्रभर पेटीत सोडून ठेवायला सांगितलं. ज्याच्याकडून साप घेतला त्या दुकानदाराने तर कमालच केली. म्हणाला, "हा पीस खराब निघाला असेल, नवीन घेऊन जा, तुला कमी करून देतो." पीस! जसा मिक्सरचा जार. आणि सगळ्यात शेवटी पोराच्या वडिलांनी फोन हातात घेतला. "साहेब, मी काय म्हणतो, सिंहगडाच्या पायथ्याला सोडून येऊ का? निसर्गात त्याचं तो खाईल."

पाच माणसं, पाच उपाय. यांतल्या एकानेही विचारलं नाही की तो का जेवत नाहीये.

माझं भांडण नेमकं याच्याशी आहे. साप भुंकत नाही, म्याव करत नाही, शेपटी हलवत नाही. त्याच्या हातात (हात नाहीत, पण समजून घ्या) एकच गोष्ट असते: जेवण नाकारणं. आपल्याला काहीतरी चुकतंय हे सांगायचा त्याच्याकडे तेवढाच मार्ग आहे. आणि आपण काय करतो? तोंड उघडून कोंबतो. पाहुण्याला "घ्या हो अजून एक पोळी" म्हणत ताटात ढकलायची आपली जुनी खोड. पाहुणा निदान घरी जाऊन पाचक चूर्ण खातो. सापाने कुठे जायचं?

आधी जरा हा प्राणी समजून घेऊ. हा बॉल पायथन सेनेगलपासून युगांडापर्यंतच्या पट्ट्यात राहतो. दिवसा उंदरांच्या बिळात नाहीतर वाळवीच्या वारुळात दडून बसायचं, रात्री बाहेर पडायचं. घाबरला की डोकं आत घेऊन स्वतःचा चेंडू करतो, म्हणून बॉल. पूर्ण वाढला तरी तीन ते पाच फूट. नीट सांभाळला तर वीस-तीस वर्षं सहज जगतो. अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या प्राणिसंग्रहालयात साठी ओलांडलेल्या एका मादीने २०२० मध्ये अंडी घातली होती. तेव्हा "दहावी-बारावीपर्यंत मुलाला खेळायला" म्हणून घेणाऱ्यांनी हा आकडा एकदा मोठ्याने वाचावा.

आणि या जातीची सगळ्या जगात एकच ख्याती आहे: उपवास. कोरड्या ऋतूत, थंडीत, विणीच्या काळात, मादीच्या पोटात अंडी असताना, कात टाकायच्या आधी डोळे निळसर झाले की, हे बाईसाहेब किंवा बुवा जेवण बंद करतात. धडधाकट मोठा बॉल पायथन काही महिने न जेवता राहू शकतो आणि त्याचं वजन फारसं उतरतही नाही. साप म्हणजे आपल्यासारखं गरम रक्ताचं इंजिन नाही. आपल्याला शरीर गरम ठेवायलाच निम्मं जेवण लागतं, त्याला ती ऊब बाहेरून मिळते. म्हणून तर आठ-पंधरा दिवसांतून एकदा खाऊन त्याचं भागतं.

पण हीच ऊब नसेल तर? तर पोटातलं पचत नाही, आणि पोटातच सडतं. सापाला हे कळतं. म्हणून थंड पडलेला साप खात नाही. तो हट्टी नसतो, शहाणा असतो.

आता त्या पोराच्या खोलीत काय होतं ते सांगतो. दुसऱ्या दिवशी गेलो होतो. माशांची जुनी काचेची टाकी. वरून जाळी. चारही बाजूंनी उघडी काच, आणि टाकी ठेवलेली कुठे, तर टीव्ही आणि स्पीकरच्या मधे. वर चाळीस वॅटचा पिवळा बल्ब, तोही झोपताना बंद, कारण डोळ्यावर येतो. लपायला जागा म्हणून नारळाची एक करवंटी, ज्यात त्याचं डोकंही मावेना. थर्मामीटर? नाही. पुण्यात त्या आठवड्यात पहाटे हुडहुडी भरत होती. आम्ही स्वेटर घालून चहा पीत होतो आणि आफ्रिकेचा पाहुणा उघड्या काचेत बसला होता. रोज संध्याकाळी मित्र आले की त्याला बाहेर काढून गळ्यात घालून फोटो.

तुम्हाला असं ठेवलं तर तुम्ही जेवाल?

पोरगं वाईट नव्हतं हो. रडकुंडीला आलं होतं. त्याने वहीत तारखा लिहून ठेवल्या होत्या, कुठल्या दिवशी उंदीर दिला, किती वेळ ठेवला, खाल्ला नाही. इतकं प्रेम होतं. फक्त माहिती शून्य. दुकानदाराने त्याला अठरा हजारांत साप दिला आणि सोबत एक वाक्य दिलं: "आठवड्याला एक उंदीर, बस." मोबाइल घेतला तर चाळीस पानांचं पुस्तक मिळतं, आणि वीस-तीस वर्षं जगणाऱ्या जिवाबरोबर साडेतीन शब्द.

जे आधीच पाळून बसलेत त्यांच्यासाठी, आम्ही काय केलं ते लिहितो. शिव्या नंतर देतो.

पहिलं, त्याला एकटं सोडलं. हातात घ्यायचं नाही, फोटो नाहीत, दहा दिवस पेटीपाशी गर्दी नाही. टाकीच्या तीन बाजू काळ्या कागदाने झाकल्या. टीव्हीजवळून उचलून शांत कोपऱ्यात नेली.

दुसरं, ऊब. पेटीची एक बाजू ३१ ते ३३ अंश, दुसरी बाजू २५ ते २७. त्याला हवं तेव्हा त्याने सरकावं. बल्बऐवजी खालून तापणारी मॅट, आणि मॅटला थर्मोस्टॅट. थर्मोस्टॅट नसलेली मॅट म्हणजे सापाला तव्यावर ठेवणं, पोट भाजलेले साप मी पाहिलेत. दोन बाजूंना दोन लपणी, अशी की वेटोळं घातलं की अंग चारही बाजूंनी टेकावं. बिळातला प्राणी आहे तो, मोकळी जागा त्याला बंगला वाटत नाही, उघड्यावर पडल्यासारखं वाटतं. पाण्याचं पसरट भांडं, आणि हवेत साठ टक्क्यांच्या आसपास ओलावा.

तिसरं, वजन. आईचा स्वयंपाकघरातला काटा घेतला (माउलीने तो नंतर परत वापरला नाही, त्याबद्दल क्षमस्व). ७८० ग्रॅम. पुढच्या आठवड्यात ७७६. म्हणजे जीव जात नव्हता. घाबरायचं केव्हा? वजन दहा टक्के उतरलं तर, तोंडातून फेस किंवा चिकट लाळ येत असेल तर, श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येत असेल, हिरड्या लाल-पिवळ्या झाल्या असतील, अंगावर बारीक काळे किडे फिरत असतील, किंवा खाल्लेलं ओकत असेल तर. अशा वेळी ग्रुपवर विचारायचं नाही, साप बघणाऱ्या पशुवैद्याकडे जायचं. अगदी पिल्लू असेल तर उपवासाची चैन त्याला परवडत नाही, तिथे लवकर जायचं.

चौथं, घास. उंदीर सापाच्या अंगाच्या जाड भागाएवढा, त्याहून मोठा नको. मेलेला, गोठवलेला, मग नीट वितळवलेला आणि कोमट पाण्याने अंगाच्या उबेइतका गरम केलेला. या अजगराच्या वरच्या ओठावर उष्णता ओळखणारे खळगे असतात, थंड उंदीर त्याच्या लेखी दगड. संध्याकाळनंतर, चिमट्याने, हळूच. नाही घेतला तर काढून टाकायचा आणि आठ-दहा दिवस विषय काढायचा नाही. रोज रोज समोर नाचवलं की तो आणखी बिथरतो.

आणि जिवंत उंदीर रात्रभर पेटीत सोडायचा तर अजिबात नाही. न जेवणाऱ्या सापाला उंदीर कुरतडतो. पाठीचं हाड दिसेपर्यंत कुरतडलेला साप मी या हातांनी उचललाय. या पोराच्या घरी आईने फ्रीजमध्ये उंदीर ठेवू दिले नाहीत म्हणून जिवंत आणायचे. आईचं मी काही चुकलं म्हणणार नाही. पण मग सरळ हिशोब आहे: ज्या घरातल्या फ्रीजमध्ये श्रीखंडाशेजारी उंदराचा डबा चालणार नाही, त्या घराने साप आणू नये. एवढा एक प्रश्न दुकानदाराने विचारला असता तरी निम्मे साप वाचले असते. पण मग खप निम्मा झाला असता ना!

आता जबरदस्तीने कोंबण्याबद्दल. हे मी अधिकाराने बोलतो, कारण हे पाप मी केलंय.

नव्वदचं दशक. मी बावीस वर्षांचा, सांगली जिल्ह्यातल्या आमच्या गावी नवा नवा सर्पमित्र. मिशी फुटावी तसा अभिमान फुटलेला. एक नाग पकडला आणि सोडला नाही. शाळांमधून प्रबोधन करायचं म्हणून लाकडी पेटीत ठेवला. प्रबोधन! पोरांनी टाळ्या वाजवायच्या, मास्तरांनी नारळ द्यायचा, आणि नागाने दिवसातून चार वेळा फणा काढायचा. दोन महिने तो जेवला नाही. मी आणि एका मित्राने काडीने त्याचं तोंड उघडून बेडूक आत सारला. त्याने ओकून टाकला. परत सारला. परत ओकला. चौथ्या दिवशी सकाळी पेटी उघडली तर सरळ पडलेला. जिवंत साप असा कधी सरळ पडत नाही.

मी गावात सांगितलं, "वय झालं होतं." आज तीस वर्षांनी पहिल्यांदा लिहितोय. वय वगैरे काही झालं नव्हतं. त्याने दोन महिने सांगितलं की मला इथून सोड. मला टाळ्या ऐकू येत होत्या, तो ऐकू आला नाही.

घशात कोंबल्याने अन्ननलिका फाटते, घास श्वासनलिकेत जातो, आणि नाही गेला तरी घाबरलेला साप तो ओकतो. ओकण्यात शरीरातलं पाणी आणि ताकद दोन्ही जाते. अगदी शेवटचा उपाय म्हणून नळीने भरवतात, पण ते पशुवैद्याचं काम. यूट्यूब बघून करायचं काम नाही ते.

आता जरा घराबाहेर येऊ. आपल्याकडे सापाला जबरदस्तीने खाऊपिऊ घालायचा एक अख्खा सणच आहे. नागपंचमीला दूध. किती वर्षं ओरडून सांगायचं की साप दूध पीत नाही? सस्तन प्राण्याची पिल्लं दूध पितात, सापाला ते पचत नाही. पंचमीला जो नाग दूध "पितो", त्याला आधी कित्येक दिवस पाण्यावाचून ठेवलेलं असतं. तहानेने जीव चाललेला प्राणी समोर येईल ते ओढतो. आपण हात जोडतो, तो आतून मरतो. बत्तीस शिराळ्यात जिवंत नागांची पूजा न्यायालयाच्या आदेशाने थांबली, त्यावर आमच्या भागात अजूनही लोक हळहळतात. श्रद्धेची थट्टा मला करायची नाही, माझी आईही वारुळाला जाऊन हळद-कुंकू वाहायची. वारुळ पूजायला काहीच हरकत नाही. टोपलीतल्या कैद्याला पूजणं वेगळं.

पण इथे एक अवघड गोष्ट बोलली पाहिजे, आणि ती बोलल्यावर आमच्यातलेच काही रागावतील.

१९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. देशी साप पकडणं, बाळगणं गुन्हा झाला. चांगलं झालं. पण त्या कायद्याने पहिला हात कुणावर पडला? गारुड्यावर. डोक्यावर टोपली, अंगावर फाटका सदरा, गावोगाव फिरणारा माणूस. त्याची टोपली काढून घेतली, त्याच्या पोरांनी पुढे काय करायचं हे कुणी सांगितलं नाही. मी स्वतः वनविभागाबरोबर जाऊन टोपल्या जप्त केल्यात. नाग सोडवल्याचा आनंद होता. पण टोपली गेल्यावर रस्त्याच्या कडेला नुसत्या बसून राहिलेल्या त्या म्हाताऱ्याचा चेहरा काही डोळ्यांपुढून हलत नाही.

आणि आज? तोच साप काचेच्या पेटीत, एलईडी लाइटखाली, एसी दुकानात आला की त्याला "एक्झॉटिक पेट" म्हणतात. गारुडी सापाला उपाशी ठेवत होता, कारण त्याचं स्वतःचं पोट उपाशी होतं. आपण हौस म्हणून उपाशी ठेवतो. गारुडी क्रूर आणि आपण प्राणिप्रेमी? कुठल्या हिशोबाने?

"पण परदेशी साप पाळणं कायदेशीर आहे!" असं खाली कमेंटमध्ये येणारच, म्हणून कायद्याचंही बोलून घेऊ. २०२० मध्ये केंद्राने योजना आणली: ज्यांच्याकडे परदेशी प्राणी आहेत त्यांनी ठरलेल्या मुदतीत 'परिवेश' पोर्टलवर स्वतःहून जाहीर करावं, आणल्याची कागदपत्रं मागणार नाही. म्हणजे विमानतळावरून चोरून आणलेलाही एका क्लिकवर पवित्र. मग २०२२ ची दुरुस्ती आली, आंतरराष्ट्रीय व्यापार कराराखालच्या जातींसाठी वेगळी अनुसूची आली. मग २०२४ चे नियम आले: असा प्राणी असेल तर नोंदणी करा, पिल्लं झाली कळवा, मेला कळवा, दुसऱ्याला दिला कळवा. बॉल पायथन या यादीत येतो. कागदावर व्यवस्था उभी राहिली, मान्य आहे. आधी तेवढीही नव्हती.

पण नोंदणीचा कागद पेटी ३२ अंशांवर ठेवत नाही. या पोराला दुकानदाराने सांगितलं होतं, "नोंदणी-बिंदणी काही लागत नाही, सगळे असेच ठेवतात." पावती? कच्ची. साप कुठून आला? "ब्रीडरकडून." कुठला ब्रीडर? गप्प.

डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या एका प्रवाशाच्या सामानात बिस्किटांच्या आणि केकच्या पाकिटांत अकरा साप सापडले, त्यात नऊ बॉल पायथन होते. हे पकडले गेलेले. बिस्किटाच्या पुड्यातून आलेला साप तुमच्या घरी येऊन जेवत नाही, यात तुम्हाला आश्चर्य कसलं वाटतं?

आणि हाल केले म्हणून शिक्षा काय? प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा. पुरेसं अन्न, पाणी, निवारा न देणं हा त्यात गुन्हा आहे. पहिल्या वेळेला दंड किती? दहा ते पन्नास रुपये. बरोबर वाचलंत. अठरा हजारांचा साप उपाशी मारला तर दोन वडापाव आणि एका कटिंगएवढा दंड. १९६० साली पन्नास रुपयांना वजन होतं. आज साठहून जास्त वर्षांत तो आकडा बदलायला कुणाला सवड मिळाली नाही.

आता दोन बाजूंच्या मित्रांना दोन शब्द.

पहिले, पाळणारे. तुमच्यात काही जण फार चांगले आहेत, मला माहितेय. वहीत तापमान लिहितात, परदेशातली पुस्तकं वाचतात, काही गोष्टी मी त्यांच्याकडूनच शिकलो. तुमचं म्हणणं असं की पिंजऱ्यात जन्मलेल्या सापाला जंगल माहीतच नाही, नीट ठेवला तर तो सुखात राहतो. वादासाठी मान्य करतो. मग दुकानांविरुद्ध पहिला आवाज तुम्ही उठवा ना! रंगासाठी नात्यात नात्यात जुळवून काढलेली, मान सरळ धरता न येणारी, घास पकडताना नेम चुकणारी पिल्लं "रेअर मॉर्फ" म्हणून दुप्पट किमतीला विकली जातात, त्यावर बोला. तुमच्या ग्रुपवर "तोंड उघडून ढकल" लिहिणाऱ्याला तुम्ही का हाकलत नाही?

दुसरे, "सरसकट बंदी घाला" म्हणणारे. मन माझंही तिकडेच ओढतं, खोटं कशाला बोलू. पण बंदी घातल्यावर काय होतं ते मांडुळाच्या बाबतीत बघतोच की आपण. मांडूळ पकडायला बंदीच आहे. तरी गुप्तधन, पैशाचा पाऊस असल्या थापांवर लाखोंच्या बोल्या लागतात, वजनावर भाव ठरतो म्हणतात, आणि सुटका होते तेव्हा पोत्यातलं मांडूळ अर्धमेलं असतं. नुसती बंदी म्हणजे काचेच्या पेटीतला साप पोत्यात जाणार. त्यामुळे बंदीच्या आधी दुकानावर आणि विमानतळावर पकड हवी.

आणि सिंहगडाखाली सोडायला निघालेल्या वडिलांसारख्यांना हात जोडून सांगतो: सोडू नका. एक तर तो मरेल, कुत्री, घारी, थंडी काहीतरी त्याला संपवेल. आणि नाही मेला तर त्याहून वाईट. अमेरिकेत फ्लोरिडाच्या दलदलीत लोकांनी सोडलेल्या आणि सुटलेल्या बर्मी अजगरांनी बस्तान बसवलं. आज तिथलं सरकार पैसे देऊन ते मारून घेतंय, आणि तिथले ससे, रॅकून दिसेनासे झालेत. शिवाय परदेशी सापाबरोबर येणारे रोग आणि किडे आपल्या धामणीला, आपल्या अजगराला लागले तर? त्यांच्यासाठी पशुवैद्य कोण आणणार? सोडायचा नाही, वनविभागाला कळवून रीतसर द्यायचा.

मागण्या चारच आहेत, लांबलचक निवेदन नाही.

एक. २०१८ च्या पेट शॉप नियमांप्रमाणे दुकानांना राज्य प्राणी कल्याण मंडळाची नोंदणी सक्तीची आहे. साप विकणाऱ्या प्रत्येक दुकानाची आणि ऑनलाइन विक्रेत्याची ही नोंदणी तपासा. नसेल तर कुलूप.

दोन. साप विकताना त्याच्या उगमाचा कागद, आणि मराठीत छापलेलं देखभालीचं पत्रक देणं सक्तीचं करा. तापमान, ओलावा, घास, आयुष्य, आणि न जेवल्यास काय करायचं. चार पानं. कुणाचं दिवाळं निघणार नाही.

तीन. पशुवैद्यक महाविद्यालयांत सरपटणाऱ्या प्राण्यांचं शिक्षण पुस्तकातल्या एका धड्यापुरतं नको, प्रत्यक्ष हवं. याने पाळीव सापाचं नाही फक्त, रस्त्यावर गाडीखाली आलेल्या धामणीचंही भलं होईल. आज जखमी नाग घेऊन मी दवाखान्यात गेलो की निम्मा स्टाफ बाहेर पळतो.

चार. ज्यांना साप नकोसा झालाय त्यांनी तो न घाबरता आणून द्यावा अशी एक अधिकृत जागा प्रत्येक विभागात हवी. आज लोक गुन्हा दाखल होईल या भीतीने रात्री पिशवी घेऊन टेकडीवर जातात.

आणि एक मागणी आमच्या सर्पमित्र मंडळींकडे. पकडलेला साप नोंद करून लगेच सोडा. "दोन दिवस ठेवतो, रविवारी कार्यक्रम आहे" हे बंद. गळ्यात घालून रील्स बंद. आपण पेटीत ठेवून टाळ्या मिळवायच्या आणि पोरांना सांगायचं साप पाळू नका, हे कोण ऐकेल? त्या पोराला सापाचं वेड कुठून लागलं विचारलं, तर म्हणाला, "काका, सर्पमित्रांचे व्हिडिओ बघून."

मान खाली गेली माझी.

शेवट सांगतो, नाहीतर तुम्ही विचारणारच. चौथ्या आठवड्यात, रात्री दोनला मोबाइल वाजला. मी परत पँट शोधायला लागलो. मेसेज होता: "काका, जेवला." खाली अंधारातला एक फोटो, नीट काही दिसत नव्हतं, उंदराची शेपटी तेवढी दिसली. मी बायकोला उठवून सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं, आता तुम्हीही जेवत जा वेळेवर," आणि कुशीवर वळली.

त्या पोराचं परवा परत बोलणं झालं. साप बरा आहे, नोंदणीचा अर्ज भरलाय. पोरगं आता जर्मनीला शिकायला जायची तयारी करतंय. मी विचारलं, "आणि हा?" बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "आई म्हणतेय बघेन."

ज्या आईने फ्रीजमध्ये उंदीर ठेवू दिला नाही ती आई. अजून वीस वर्षं.

घ्यायच्या आधी एवढा एक विचार करा. दुकानदार करणार नाही, सरकार अजून तरी करत नाही, म्हणून तुम्हालाच सांगतोय. पोस्ट शेअर करायला परवानगी विचारू नका. आणि साप पाळायचा विचार करणारा कुणी पुतण्या, भाचा, शेजाऱ्याचा मुलगा असेल तर त्याला आजच पाठवा, घेऊन आल्यावर नको.